वास गेला तेव्हा

तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात टाक्या धुणाऱ्या कामगारांवर मी देखरेख करतो. राहायला चिंचणीत, एका शेतकरी जोडप्याच्या घरामागे दोन खोल्यांत भाड्याने. त्यांना मी काका-काकी म्हणतो. काकांनी परसात जमिनीखाली गॅसची टाकी बांधून घेतली होती. भाताचा पेंढा बारीक कापून, त्यात सडके चिकू आणि थोडं शेण कालवून ते टाकीत सोडायचे. त्या गॅसवर काकींची शेगडी चालायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला शेगडी विझायला लागली. आत पेंढा तरंगून जाड थर जमला होता, त्यातून गॅस वर येईना. काकांनी झाकण काढलं, जमेल तेवढी शेण-पेंढ्याची पातळ रबडी उपसली आणि टाकी दोन दिवस उघडी ठेवली. मी पहिली पाळी संपवून दुपारी घरी आलो, तर ते शिडी आत सोडत होते.

"काका, उतरू नका."

"दोन दिस उघडी हाय. आता कसला गॅस?"

"यातला विषारी गॅस जड असतो. खाली बसून राहतो."

"टाकी माझी हाय. तुझ्या कंपनीतली नाय."

मला राग आला, त्यांनाही आला. काकी मध्ये पडल्या, तेव्हा कुठे काखेखालून दोर बांधून घ्यायला ते तयार झाले. कारखान्यात हवा तपासल्याशिवाय मी कुणाला अशा टाकीत वाकूनही बघू दिलं नसतं. पण इथे मी भाडेकरू होतो आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे. मी जवळच्या नारळाच्या झाडाला एक वेढा देऊन दोर धरला.

गुडघाभर चिखलात उभं राहून काका कुदळीने थर फोडू लागले. प्रत्येक घावाबरोबर सडक्या अंड्यांसारखा वास वर येत होता. मी सारखी हाक मारत होतो, ते "हूं" म्हणत होते. काकी माझ्या पाठीशी दोराचं टोक धरून उभ्या होत्या.

मग आतून आवाज आला, "आता बरं हाय. वास गेला."

मी दोर ताणून धरला. असा वास जात नसतो. गॅस वाढला की नाकच बधिर होतं, हे मी प्रत्येक नव्या कामगाराला सांगतो.

"काका, वर या. लगेच."

"थांब, येवढा कोपरा..."

कुदळ पडली. पुढे काही ऐकू आलं नाही.

काकी शिडीकडे धावल्या. मी त्यांना खांद्याने मागे लोटलं.

"तुम्ही उतरलात तर दोघंही जाल. दोर ओढा."

आम्ही ओढत राहिलो. काकांचा खांदा टाकीच्या तोंडाशी अडकला, तो सोडवताना मी श्वास रोखून धरला होता. बाहेर काढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. लांब नेऊन कुशीवर निजवलं. बऱ्याच वेळाने ते खोकले, मग ओकले. शेजाऱ्याच्या रिक्षातून बोईसरच्या दवाखान्यात नेलं.

 दुसऱ्या दिवशी प्राणवायूची नळी बाजूला करून म्हणाले, "तुला ठावं होतं. मग मला उतरू का दिलंस?"

मी नळी परत त्यांच्या नाकाला लावली. 

नंतर टाकीला बाहेरून फिरवायचा दांडा बसवला, त्यामुळे पेंढ्याचा थर आता धरत नाही. शेगडी चालते. काकींनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलंय. किल्ली त्या काकांना देत नाहीत, आणि मलाही नाही.