आजोबांच्या पायाचे फोटो

मुलांनो,

तुमच्या आईने इथून जाताना माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड नेलं आणि त्यातलं सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर चढवलं. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं हसत होतात. आजीने आजोबांच्या चेहऱ्याचे चारच फोटो काढलेत आणि डाव्या पायाचे मात्र ढीगभर. हसायला माझी हरकत नाही. पण फोन ठेवता ठेवता मोठीने विचारलं, की प्रत्येक फोटोत पायाशेजारी तारखेची चिठ्ठी आहे, मग मधल्या मधल्या तारखा कुठे गेल्या? मी म्हटलं, लिहून कळवते. तुमच्या आईलाही आम्ही तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. लिहू का, म्हणून आजोबांना विचारलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "लिही. इतक्या लांबून मला ओरडायला कोण येतंय?"

आजोबांना डायबेटिस आहे हे तुम्हाला माहीत आहेच. त्यात पायांची जाणीव कमी होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना नवी चप्पल लागली. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला फोड आला, फुटला, आणि त्यांना पत्ताही नाही. मोज्याला लागलेला ओला डाग मला धुताना दिसला. 

इथल्या एका सर्जनबाईंनी जखम साफ केली. तरुण आहेत, गुजराती आहेत, हळू बोलतात. ड्रेसिंग घरी करायचं, रोज एक फोटो काढून ठेवायचा आणि पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं, असं त्यांनी सांगितलं. निघताना मला थांबवून त्या म्हणाल्या, की बोटाचा रंग काळपट व्हायला लागला तर पंधरा दिवसांची वाट बघू नका, त्याच दिवशी या. हे वाक्य मी घरी येईपर्यंत रिक्षात मनातल्या मनात म्हणत होते.

अडचण माझ्या डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख घेतलेली होती, ती आजोबांच्या पायामुळे पुढे ढकलली. ड्रेसिंग करताना मला जखम दिसायची, पण धुक्यातून दिसावी तशी. तांबूस कुठे संपतं आणि जांभळट कुठे सुरू होतं, ते काही कळायचं नाही. फोनवर फोटो काढून पाहिला, तर फोनने पायाची कातडी अशी गोरी आणि गुळगुळीत करून दाखवली, की लग्नाला निघालेल्या मुलीचा पाय वाटावा. मग मला कपाटातला छोटा कॅमेरा आठवला. तुमच्या आईने पूर्वी एकदा येताना आणलेला, आणि फोन चांगला घेतल्यावर इथेच टाकून दिलेला. खिशात मावेल एवढा. मागे सगळी काचच, बोटाने चालणारी. फोटो काढायचा, मग काचेवर दोन बोटं ठेवून पसरायची, की करंगळी पुरणपोळीएवढी दिसते. माझ्या डोळ्यांना तेवढंच दिसत होतं.

रोजचा क्रम मी ठरवून टाकला. शाळेत शिकवत होते तेव्हापासून माझं सगळं क्रमाने चालतं, नाहीतर मला सुधरत नाही. सकाळी ड्रेसिंग सोडायचं, जखम धुवायची, पाय गॅलरीतल्या स्टुलावर ठेवायचा, शेजारी तारखेची चिठ्ठी. यात आजोबांनी स्वतःहून भर घातली. तुम्हाला ते फक्त निवृत्त आजोबा म्हणून माहीत आहेत. पण पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, त्यांनी उभी हयात कापडाच्या रंगाची शेड तपासण्यात काढली. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, दिलेला नमुना एका हातात, रंगवलेलं कापड दुसऱ्या हातात, आणि एका नजरेत सांगायचं की जुळलं की नाही. ते म्हणाले, "ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नसतो. उन्हातही नाही. इकडे, या सावलीत घे." पायाखाली पांढरा नॅपकिन घालायचा, तोही रोज तोच, हेसुद्धा त्यांनीच सांगितलं. त्यांना काहीतरी काम मिळालं म्हणून मला बरं वाटलं.

मी तीन फोटो काढत असे, कारण माझा हात हलतो. संध्याकाळी चहा झाला की आम्ही दोघं बसून ते बघायचो. सगळ्यात स्पष्ट असेल तो ठेवायचा, बाकीचे दोन पुसायचे. पुसणं सोपं होतं. काचेवर कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे, त्यावर बोट टेकवायचं. मग कॅमेरा इंग्रजीत विचारतो, खरंच पुसू का? 'हो'वर बोट टेकवलं की फोटो गेला. प्रत्येक वेळी बोट टेकवलं की टुक असा बारीक आवाज होतो. नुसते फोटो पुढे-मागे सरकवताना मात्र काहीच आवाज होत नाही. आजोबांनाही मी हे शिकवलं, कारण माझी बोटं कोरडी पडली की काच ऐकत नाही. रविवारी निवडलेले फोटो लॅपटॉपवर घेऊन मी तुमच्या आईला मेल करायची.

पहिला आठवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी कॅमेरा उघडला तर त्या दिवसाचा फोटोच नाही. कालचा आहे, परवाचा आहे, आजचा नाही. मी म्हटलं, अहो, सकाळी आपण फोटो काढला ना? आजोबा म्हणाले, "काढलास, पण तुझं बटण नीट दाबलं गेलं नसेल." असेलही, असं मला वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग लागोपाठ दोन दिवस.

मुलांनो, त्या दिवसांत मला पायापेक्षाही दुसरी भीती जास्त वाटायला लागली. माझ्या आईचं शेवटी शेवटी असंच झालं होतं. गॅस पेटवून ती पातेलं शोधत बसायची आणि पातेलं सापडेपर्यंत गॅस विसरायची. मी आंघोळ करताना इंग्रजी क्रियापदांची तिन्ही रूपं पहिल्यापासून म्हणून बघायची. ती बिनचूक यायची, तरी समाधान व्हायचं नाही. सकाळी फोटो काढल्यावर मी मोठ्याने म्हणायला लागले, "काढला बरं का फोटो." आजोबा पेपरचं पान उलटायचे. रात्रीच्या गोळ्या दिल्या की नाही, हे मी रिकाम्या पाकिटावरून पुन्हा तपासायची. माझंच डोकं जाणार असेल तर यांचा पाय कोण बघणार, एवढाच विचार. तुमच्या आईला फोनवर काही बोलले नाही. तुमच्या परीक्षा जवळ आल्या होत्या.

आणि जे फोटो कॅमेऱ्यात उरले होते ते चांगले होते, हीच तर मुख्य गोष्ट. मी काच पसरून पसरून बघायची. जखमेची कड गुलाबी, बोट थोडं सुजलेलं, पण तसं ठीक. तुमच्या आईनेही मेलला उत्तर पाठवलं, की सुधारतंय असं दिसतंय. मी देवापुढे साखर ठेवली. तरीही ड्रेसिंग सोडताना एक वास यायचा आणि तो वास माझ्या गुलाबी फोटोंशी जुळत नव्हता. औषधाचा असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले.

मग एका सकाळी असं झालं. फोटो काढून, पट्टी बांधून मी स्वयंपाकघरात गेले होते. कुकर अजून लावलेला नव्हता, मिक्सर बंद होता, खालच्या रस्त्यावरही नेमकं कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. मी तांदूळ धूत होते. गॅलरीतून आवाज आला, टुक. मग थोडं थांबून, टुक. नंतर पुन्हा दोनदा, आणि पुन्हा दोनदा. मी रोज संध्याकाळी हाच आवाज ऐकत होते. नुसते फोटो बघताना तो येत नाही.

ओल्या हातांनीच मी गॅलरीत गेले. आजोबा कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी तो पेपराखाली सरकवला नाही, एवढं खरं.

मी विचारलं, "काय करताय?"

"खराब आला होता. काढून टाकला."

"तिन्ही खराब आले?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "सेकंडचा, डागी माल पार्टीला दाखवत नाहीत. बाजूला काढतात आणि मग लॉट पाठवतात."

"पार्टी कोण इथे?"

"तू. पोरगी. ती डॉक्टरीण."

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. आधी सुटल्यासारखं वाटलं. माझं डोकं जागेवर होतं. रोज फोटो मीच काढत होते आणि बटण नीटच दाबत होते. ही सुटका काही क्षणच टिकली. मग त्या गुलाबी फोटोंचा अर्थ कळला. मी तिथेच खाली बसले. पट्टी सोडायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"आठवड्यापूर्वी कडेला जांभळं होतं. कधी दिसायचं, कधी नाही," ते म्हणाले. "आता काळं उतरायला लागलंय. शेड मला कळते, तू सांगायची गरज नाही."

"कळत होतं तरी पुसलंत?"

"तू पोरीला पाठवणार. ती पोरांच्या परीक्षा सोडून विमानात बसणार. आणि ती बाई पहिलं काय करणार, तर कापणार." मग त्यांनी माझा हात सोडला आणि अगदी हळू म्हणाले, "माले भ्या लागस."

आजोबांची आई त्यांच्याशी अहिराणीत बोलायची. माझ्याशी ते लग्नापासून पुस्तकी मराठीत बोलत आले, कारण मी शाळेतल्या बाईंची मुलगी, कॉलेजात शिकलेली. मला भीती वाटते, हे वाक्य त्यांनी माझ्यापाशी आतापर्यंत कुठल्याच भाषेत म्हटलेलं नव्हतं. मी भांडायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. मलाही लागस, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तुझी अहिराणी सेकंडच आहे." मी उठले.  मी गॅस बंद आहे की नाही ते बघितलं, फाइल घेतली आणि रिक्षा बोलावली.

लिंबायतच्या रेल्वे फाटकापाशी रिक्षा अडकली. आजोबांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला होता आणि रिक्षा हलली की मी दोन्ही हातांनी तो झेलत होते. आज कळलंय म्हणजे आज उशीर झालेला नाही, असं मी म्हणत होते. मग वाटायचं, झालाच असेल तर? कोणत्या दिवशी झाला, हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नाही. पुसलेले फोटो परत आणता येतात म्हणे. पण त्या दिवशी ते कोण आणणार होतं, आणि तेवढा वेळ कुठे होता?

सर्जनबाईंनी पट्टी सोडली, बघितलं आणि विचारलं, "काका, क्यारथी?" कधीपासून, असं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी फाइल उघडली आणि कॅमेरा पुढे केला. मग आजोबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. यात काही नाही, म्हणाले. मी सांगतो. आणि त्यांनी गुजरातीत सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी रंग बदलला, कुठल्या बाजूने, कधी तो उतरून शेजारच्या बोटाकडे आला, आणि फोटो आपणच पुसले हेसुद्धा. सांगताना ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त आजोबांना संध्याकाळपर्यंत उपाशी राहायला सांगितलं. पाय वाचेल का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, मासी, ते मी उद्या सांगेन.

संध्याकाळी दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. तुमच्या आईला मी त्या रात्री कळवलं. पण एवढंच सांगितलं, की जखम एकाएकी बिघडली. ते खोटं होतं. आजोबांची लाज राखण्यासाठी बोलले होते. ती आली, तुमच्या परीक्षा तुमच्या बाबांनी सांभाळल्या, आणि कोणी नापास झालं नाही.

त्यानंतरचे जे फोटो तुम्ही पाहिलेत ना, ढीगभर, ते घरी आल्यावरचे आहेत. हललेले, अर्धे, चिठ्ठी उलटी पडलेली, एकात तर नुसता नॅपकिनच आहे. ते मुद्दाम ठेवलेत. आमचं ठरलं होतं की कोणीच काही पुसायचं नाही. ते दिवस काही सोपे नव्हते. रोज सकाळी पट्टी सोडली की आजोबा आधी स्वतः बघून मला सांगायचे, आज गुलाबी आहे, आज थोडं फिकट, आज बाईंना फोन कर. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा नुसती औषधं बदलली. अजूनही त्यांची चप्पल मी रोज हात आत घालून तपासते. ते मला चेकिंग डिपार्टमेंट म्हणतात.

माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मला आता पाय कॅमेऱ्याशिवाय दिसतो. कॅमेऱ्याची काच एका कोपऱ्यात बोट ओळखत नाही, नेमकी त्या डब्याच्या चित्रापाशी. दुरुस्त करून घ्यावी असं मला वाटलेलं नाही.

मोठीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मधल्या तारखा आजोबांनी पुसल्या आणि त्या परत येणार नाहीत. डाव्या पायाचा अंगठा आहे, त्याच्या शेजारची दोन बोटं आहेत, टाच आहे. आणि त्या पायाने आजोबा रोज सकाळी खाली जाऊन दूध आणतात.