पिसाइनाने बदललेला रकाना

आमच्या दवाखान्यात पिसाइनाइतकं कॉम्प्युटरमधलं कळणारं दुसरं कोणी नाही, आणि हे ती कोणाला विसरूही देत नसे. मी औषधांच्या खिडकीत बसते, ती समोरच्या टेबलाशी. एकोणीस वर्षं तिची पाठ बघतेय. रुग्णांच्या नोंदींचा तो जुना प्रोग्राम कोणी परदेशी पाहुणा बसवून गेला. तेव्हापासून त्याचं दुखलंखुपलं पिसाइनाच बघते.

गेल्या वर्षी तिच्या भावाला घराण्याचं मताईपद, म्हणजे प्रमुखपद, मिळालं. पेलूचा लौमातिया झाला. पद मिळालेल्या माणसाला लहानपणीच्या नावाने चारचौघांत हाक मारायची नसते, पण प्रोग्रामला त्याचं काय! तो रक्तदाब तपासायला आला, तेव्हा सिनिवा नर्सने पडद्यावर दिसलं तेच मोठ्याने वाचलं, "पेलू!"

"पेलू नारळाच्या झाडावर चढलाय, बाई," मागून कोणीतरी म्हणालं, आणि बाकांवर हशा पिकला. लौमातिया मान खाली घालून उठला.

संध्याकाळी पिसाइनाने नोंदींचा तक्ता उघडला आणि 'नाव' या रकान्याचा मथळा खोडून 'पद' असा केला. आता एकेकाचं पद त्यात भरणार होती. मी दाराला कुलूप लावायला आले होते.

"आता बघते कोण माझ्या भावाला पेलू म्हणतंय ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. बाक बायकापोरांनी भरलेले, आणि कोणत्याही रुग्णाचा फॉर्म उघडला तरी नावाच्या चौकटीत एकच: '#नाव?'. कोणाला कोणती लस द्यायची कळेना. डॉक्टर बाहेर आले.

"कोणी हात लावला याला?"

पिसाइनाने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "काल सिनिवा बसली होती," ती म्हणाली.

सिनिवा पन्नाशीला आलेली, एका बोटाने टाइप करायला शिकत होती. "मी नुसती वजनं भरली हो, डॉक्टर."

"तुम्ही आपलं ड्रेसिंगच बघा."

सिनिवा उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली. मी गोळ्या मोजत राहिले.

मग पिसाइना झटायला लागली. मशीन बंद करून चालू केलं. फाइल दुरुस्त करायचा पर्याय चालवला. फॉर्मवरची चौकट काढून नवी केली, तीही तेच ओरडली. दुपारी तिने चौकटीची माहिती उघडली. चौकट अजून 'नाव' हाच रकाना शोधत होती, आणि तक्त्यात तो उरलाच नव्हता. तिने जुना मथळा परत लिहिला. सगळी नावं जागच्या जागी आली. पदासाठी शेजारी वेगळा रकाना आणि वेगळी चौकट केली. हे पहिल्या दिवशीच करता आलं असतं.

"पिसाइना आहे म्हणून चाललंय आपलं!" डॉक्टर म्हणाले. तिचे कान लालबुंद झाले. डब्यातला टारोचा कंद तिने तसाच घरी नेला.

शनिवारी तिने भावाला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "सिनिवाच्या घरी कळलंय?"

"गावाला कळलंय."

"मग चटई काढ."

रविवारी उजाडताच दोघं सिनिवाच्या घरासमोर बसली, डोक्यावरून घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई ओढून. त्या घरातलं कोणी येऊन ती उचलेपर्यंत उठायचं नाही. माफी मागायला घराण्याच्या प्रमुखानेच बसावं लागतं. ज्याचा मान राखायला तिने हे केलं, तो भाऊ तिच्यापायी धुळीत बसला. चर्चला जाणारं सगळं गाव बघत होतं. मीही होते त्यात.

ऊन चढल्यावर सिनिवा बाहेर आली आणि तिने चटई उचलली. "लौमातिया, उठा. रक्तदाब आहे तुम्हाला." मग पिसाइनाला म्हणाली, "चटईखाली तोंड दिसत नाही गं. माझं नाव बाकांसमोर घेतलंस ना? मग तिथेच बोल."

सोमवारी पिसाइना बाकांसमोर उभी राहिली. "रकाना मी बदलला होता. सिनिवाचा काही दोष नव्हता. मी खोटं बोलले." कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी सिनिवाला खुर्ची दिली. तिने एका बोटाने शोधून हाक मारली, "लौमातिया!"

दुपारी सिनिवा माझ्या खिडकीशी बँडेज घ्यायला आली.

"त्या संध्याकाळी कुलूप तूच लावलंस ना?"

"हो," मी म्हणाले, आणि तिने चार मागितली होती तिथे सहा बँडेजं दिली. तिने दोन परत ठेवली.