साट्यालोट्यातली नोकरी

आमच्या वऱ्हाडात एकाच्या बदल्यात दुसरं करायला शब्दांची कमी नाही. फिट्टंफाट आहे, तोडीस तोड आहे, बरोबरी आहे, उट्टं आहे. माझं लग्नच असल्या एका शब्दावर लागलं: साटंलोटं. अकोल्याची मी अमरावतीला दिली आणि त्याच मांडवात माझ्या नवऱ्याची बहीण माझ्या भावाला केली. माझे वडील वकील, सासरे मास्तर, तरी शिकल्यासवरल्या माणसांना ही सोय भारी आवडली. आईनं मला समजावलं होतं, की त्यांची पोरगी आपल्या घरी असल्यावर तुला त्रास द्यायची कोणाची छाती होणार नाही. मला ते पटलंही होतं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. दोन घरांनी एकमेकांच्या पोरी ओलीस ठेवल्या होत्या आणि आम्ही पंगतीत बसून जिलेबी खाल्ली.

आम्ही दोघी एकमेकींच्या भावजया आणि एकमेकींच्या नणंदा, म्हणून दोघी एकमेकींना वहिनीच म्हणायचो. मला साडी आली की तिकडे तिलाही यायची. दिवाळीला आणि उन्हाळ्यात माहेरी जायचं तेही एकाच दिवशी, म्हणजे कोणत्याच घरी सुनेवाचून अडायला नको आणि कोणाची लेक जास्त दिवस राहिली असंही व्हायला नको. मूर्तिजापूरच्या स्टँडवर आमच्या एस्ट्या बदलायच्या. तिथे दहा मिनिटं चहा प्यायचा, की ती अमरावतीच्या गाडीत आणि मी अकोल्याच्या.

मी अमरावतीच्या एका खासगी शाळेत शिकवत होते. सातवीचा वर्ग माझ्याकडे होता आणि तो वर्ग माझा जीव होता, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. वहिनी अकोल्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिला घरी यायला सात वाजायचे.

एका उन्हाळ्यात ती अमरावतीला होती आणि मी अकोल्याला, तिच्याच स्वयंपाकघरात. आई गुडघे धरून पोळ्या लाटत होती. मी बोलून गेले, की तुझी सून सातला उगवते आणि मी मात्र तिच्या आईसाठी पाचच्या ठोक्याला घरी येऊन कणीक मळते, ही कुठली बरोबरी? आईच्या गुडघ्यांची काळजी होती, हे खोटं नाही. पण त्याहून जास्त मला वहिनीचा हेवा वाटत होता. पुढच्या महिन्यात भावानं तिला लॅब सोडायला लावली आणि मला फोन करून कौतुकानं सांगितलं. मी बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शाळेत गेले.

चार महिन्यांनी सासूबाई एका बारशाला अकोल्याला गेल्या. लेकीला द्यायला वरूडची संत्री घेऊन त्या थेट लॅबवर पोचल्या, तिथे कळलं की ती नवऱ्याच्या सांगण्यावरून केव्हाच सोडून गेली. सासूबाई वाईट नव्हत्या. रोज सकाळी माझा डबा त्याच भरायच्या. पण संध्याकाळी परत आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, “तुह्या भावानं माह्या पोरीची नोकरी सोडवली. उद्यापासून तू बी जाऊ नको.”

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. मी भावाला फोन करून विनवलं, तिला परत कामावर जाऊ दे. तो म्हणाला, लॅबवाल्यांनी दुसरी मुलगी ठेवली आणि मी काय आता तुझ्या सासूच्या तालावर नाचू? आई म्हणाली, सांभाळून घे. माझ्या वर्गाचं काय, हे एकानंही विचारलं नाही. मी राजीनामा लिहून दिला आणि मनाशी पक्कं केलं, की लॅबचं नुसतं निमित्त, आईचे कान भरून ही आग वहिनीनंच लावली.

त्या दिवाळीला मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी चहासुद्धा घेतला नाही. वहिनीला तोंडावरच विचारलं, “तुमची गेली म्हणून माह्यी बी घालवली. झालं आता समाधान?”

ती रागावली नाही. हातातली पिशवी बाकावर ठेवून म्हणाली, “मी आईले काईच सांगतलं नोयतं, वैनी. चार महिने रोज सातले चौकात जाऊन तिले फोन लावत होती. फोनवर गाड्यांचा आवाज आयकू गेला म्हणजे तिले वाटे, मी कामावरूनच येऊन राहिली. तिले समजलं असतं, तं तुमची शाळा तवाच सुटली असती.”

मग तिनं पुढचंही सांगून टाकलं. “आन् तुमच्या आईजवळ माह्या नोकरीचं कोण बोललं, थे मले तवाच समजलं होतं.”

अमरावतीची गाडी लागली आणि ती चढली. मी माफी मागायला हवी होती, पण मी तिची पिशवी तेवढी वर दिली. चार महिने ती रोज चौकात उभी राहून माझी नोकरी राखत होती, आणि त्या चार महिन्यांत, तुम्ही दिवसभर घरी काय करता, असं विचारायला मी तिला एकदाही फोन केला नव्हता.