स्टेशनावर ती काय म्हणाली

आई गेल्यावर पुण्यातली नोकरी सोडून मी बाबांसाठी अकोल्याला परत आले. जर्मन भाषांतराचं काम घरूनच करायचे. एका दुपारी बाबा म्हणाले, "तुले जर्मन येते ना? एक पिक्चर पाहाचा हाय."

अमरावतीला कॉलेजात असताना हॉलमध्ये पडदा बांधून दाखवलेला तो सिनेमा. नाव त्यांना आठवत नव्हतं, गोष्ट आठवत होती. महायुद्धात एका बाईचा नवरा हरवतो. परतणाऱ्या सैनिकांना त्याचा फोटो दाखवत ती स्टेशनावर फिरते. पुढे दुसऱ्यावर तिचा जीव जडतो, आणि नवरा रशियाच्या कैदेतून परत येतो. दोन दिवस शोधल्यावर मला तो इंटरनेटवर सापडला.

मी वाक्यागणिक मराठी सांगत होते. शेवटी ती बाई प्रियकराला गाडीत बसवून देते.

"काय म्हणून राहिली?"

"माझी वाट पाहू नकोस म्हणते."

"नाई. पुन्हा लाव."

पुन्हा लावला. "वार्टे म्हणते ना ते? म्हणजे वाट पाहाच ना?"

"हो बाबा, पण पुढं निश्त आहे. म्हणजे नको."

बाबांनी पिक्चर थांबवायला सांगितला. मग म्हणाले, कॉलेजात तो पाहताना त्यांच्या शेजारी वर्गातली एक मुलगी बसली होती. ती दोन वर्षं जर्मन शिकत होती, कानाशी अर्थ सांगत होती. हे वाक्य आलं तेव्हा तिचं लग्न अकोल्याला ठरून आठ दिवस झाले होते. ती म्हणाली होती, "वाट पाहा म्हणते."

"तिले ते निश्त, ते 'नको' येत नसंन काय? पहिल्याच धड्यात असते ते."

बाबांनी अकोल्यातली मास्तरकी का धरली, लग्न चाळिशीला का केलं, हे मला तेव्हा कळलं.

"भेटली का कधी?"

"एकडाव. भाजीबाजारात. दोन पोरं होती संगं. तुमी इथं कावून, म्हणे. म्हटलं, बदली झाली."

"आईला माहीत होतं?"

"तिनं कदी विचारलं नाई." मग हळूच म्हणाले, "विचाराले पाहिजे होतं तिनं."

त्या रात्री ते जेवले नाहीत. मी भाषांतर करून पोट भरते. तो एक शब्द त्या मुलीसारखा मलाही गाळता आला असता. सकाळी मी म्हटलं, "बाबा, जुना आवाज होता, माझं ऐकण्यात चुकलं असेल."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाई बाई. तू बराबर सांगतलं."

पावसाळा संपता संपता बाबा गेले. दिवसकार्याला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे मी पाहत होते. त्यांतली कोणी ती होती की नव्हती, विचारायचं धाडस मला झालं नाही.