गच्चीवरचा कर्णा

माधवनगरच्या आमच्या गल्लीत शेवटचं घर कृष्णात मान्यांचं. आसपासच्या कुठल्याही जत्रेत कुस्तीचं मैदान असलं की निवेदनाला कृष्णातदाच. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, आजोबांनी मारलेल्या कुस्त्या, सगळं तोंडपाठ. घरात मात्र माणूस गप्प. त्याची बायको, आमच्या पद्मावहिनी म्हणायच्या, "सगळं बोलणं मैदानातच सांडून येत्यात. घरी आणायला काय शिल्लकच ऱ्हात न्हाई."

करोना आला, जत्रा बंद झाल्या आणि कृष्णातदाचा कर्णा माळ्यावर गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात आजार घराघरांत शिरला, तेव्हा आरोग्य केंद्राच्या डॉक्टर अश्लेषा कृष्णातदाकडं आल्या. मराठी शाळेत मोफत तपासणी सुरू होती आणि तिकडं कुणी फिरकत नव्हतं.

"तुमचा आवाज लोकांच्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तर येतील."

कृष्णातदानं रिक्षावर कर्णा बांधला आणि लिहून दिलेला कागद वाचत गावभर फिरला. 'बाधित व्यक्तींनी गृह विलगीकरणाच्या नियमांचे पालन करावे.' रिक्षा आली की लोक खिडक्या लावून घ्यायचे. आमच्याकडं बहुतेक यंत्रमागावर राबणारी माणसं. पहिल्या वर्षी धडधाकट दिसणाऱ्यांनाही गाडीत घालून विलगीकरण केंद्रात नेलेलं आम्ही पाहिलं होतं. आता नियम बदलले होते, भीती तीच होती.

एका सकाळी वहिनींना कणकण आली, घसा धरला.

"काल उसाचा रस प्यालीस, त्येनं आसंल," कृष्णातदा म्हणाला. "दोन दिस बघूया."

"आवं, रिक्षात बसून गावाला काय सांगताय? आनि घरात दोन दिस बघूया व्हय?" वहिनींनी मास्क लावला. "चला. मला एकटीला भ्या वाटतंय."

शाळेत नाकात काडी घालून दोघांची तपासणी झाली. थोडा वेळ बाकावर बसवलं. वहिनींना करोना निघाला, कृष्णातदाला नाही. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि सगळं सावकाश सांगितलं. वहिनींनी घरीच राहायचं, पण वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. ताट-तांब्या वेगळा. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र दिलं. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला किंवा दम लागला, तर लगेच फोन करायचा.

"आणि तुम्हीही घराबाहेर पडायचं नाही."

"मग रिक्षा?"

"रिक्षा राहू दे आता. वहिनींकडं बघा."

वहिनी मागच्या खोलीत गेल्या. कृष्णातदा चुलीपाशी आला, आयुष्यात पहिल्यांदा. वहिनी खिडकीतून सांगायच्या, तो परसात उभा राहून ऐकायचा आणि आत येईपर्यंत निम्मं विसरायचा. पण घरात नुसतं बसणं त्याला सोसेना. त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, कर्णा गच्चीवर बांधू का? घरातनंच बोलतो. कागदावरचं न्हाई, आमच्या बोलीत."

"बोला की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून आवाज आला, "मंडळी, मी कृष्णात माने. माझ्या बायकोला करोना झालाय." अख्खी गल्ली थबकली. मग रोज सकाळी तो वहिनींचा ताप सांगायचा, बोटाचा आकडा सांगायचा, कुणी कसं राहायचं ते सांगायचा. तरी शाळेकडं कुणी जाईना. वहिनी कुणाला दिसत नव्हत्या ना! त्यांना नेलंय, आणि कृष्णात पढवल्यासारखं बोलतोय, असं लोक म्हणायला लागले.

आणि एका सकाळी बोलून झाल्यावर तो माईक बंद करायला विसरला आणि तसाच हातात घेऊन परसात वहिनींच्या खिडकीशी गेला.

"आवं, ह्या आमटीत मीठ किती घातलंय?" गच्चीवरून वहिनींचा आवाज गल्लीभर घुमला. खोकत होत्या, पण चांगल्याच तापल्या होत्या.

"एकदाच घातलंय."

"एकदाच म्हंजे काय वंजळभर?"

गल्लीत कुणीतरी हसलं. माझी आई झाडणं थांबवून उभी राहिली.

"रागावू नगंस, पद्मा. आमटी टाकून दी. पर भाकरी खा. काल बी अर्धीच खाल्लीस."

"खाते. तुमी रडू नगासा."

"रडतंय कोन?"

"मला कळतंय आवाजावरनं."

कर्ण्यातून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कृष्णातदा म्हणाला, "तुला न्हेलं आसतं तर मी काय केलं आसतं गं?"

"न्हेलं न्हाई न्हवं? हितंच हाय मी. भिताडाच्या पलीकडं."

आता कुणी हसत नव्हतं. शेवटी समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "कृष्णातदा, माईक चालू हाय!" खट्ट आवाज झाला. शरमेनं त्या दिवशी कर्णा पुन्हा बोलला नाही.

दुपारी नानासोचा फोन आला. नानासो कृष्णातदाचा मित्र, मागावरचा कामगार. एका खोलीत तो, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. खोकला तो बरेच दिवस दाबून होता.

"वैनी घरातच हायत म्हनायच्या," तो म्हणाला.

"सगळ्या गल्लीनं ऐकलं की रं."

"माझ्याकडं एकच खोली. मला कुठं ठिवत्याल?"

"शाळंत. वरच्या वर्गात खाटा टाकल्यात, डबा घरचाच. जा गड्या. मी मॅडमना फोन करून ठिवतो."

नानासो गेला. पण त्याच्या बोटाचा आकडा फारच खाली निघाला आणि त्याला शाळेतूनच सांगलीला दवाखान्यात न्यावं लागलं. गाडीतून त्यानं कृष्णातदाला फोन केला. "तू तर शाळा म्हनला हुतास," एवढंच बोलला आणि त्याला दम लागला.

कृष्णातदा त्या दिवशी जेवला नाही. आपणच मित्राला गाडीत बसवलं, असं त्याला वाटत राहिलं. नानासो उशिरा गेला असता तर हाती लागला नसता, हे डॉक्टरांनी फोनवर दोनदा सांगितलं, तरी ते त्याच्या गळी उतरेना. पुढच्या सकाळी मात्र त्यानं माईक हातात घेतला आणि नानासोचंही सांगितलं, काही न लपवता. कधी खोकला सुरू झाला, का लपवला, आता कुठं आहे.

त्या दिवशी शाळेत रांग लागली. आई आणि मीही रांगेत होतो.

नानासो बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आधी घरी आला. अंगातला सदरा निम्मा रिकामा वाटत होता. पहिल्यांदा तो कृष्णातदाच्या फाटकाशी गेला. दोघं अलीकडं-पलीकडं उभे राहिले. मग कृष्णातदानं फाटक उघडलं.

वहिनी त्याच्या कितीतरी आधी बऱ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी मोकळं केलं त्या संध्याकाळी त्या खोलीतून बाहेर येऊन पायरीवर टेकल्या. कृष्णातदानं आतून विचारलं, "काय करू जेवायला?"

"काय बी करा," वहिनी म्हणाल्या. "पर दोघांचं हितंच आना. शेजारी बसून खाऊया."