लेकीच्या राहिलेल्या गोळ्या

बाळंतपण उरकून लेक गंगापूरला सासरी गेली, तेव्हा जीप दिसेनाशी होईपर्यंत मी दारातच उभी होते. आत आले तर दोरीवर बाळाचं एक लंगोट राहिलेलं. सव्वा महिना हर्सूलच्या माझ्या दोन खोल्यांत शेकशेगडी, डिंकाचे लाडू, रडणं, न्हाणं अशी नुसती धांदल होती. मालक जाऊन सहा वर्षं झालेली. एकटं राहायची सवय झालीय असं मी समजत होते, पण ती सव्वा महिन्यात मोडली होती.

मला लई थकवा यायला लागला. फळीवर लेकीच्या कॅप्सुलांची पाकिटं राहिली होती. लोह, फॉलिक ॲसिड आणि झिंक, तिन्ही एकत्र. मला वाटलं, रक्तवाढीचं औषध आहे, त्यानं कुणाचं काय वाईट होणार? शिवाय तिच्या हातची वस्तू होती. रोज एक घ्यायला लागले. कुणाला सांगितलं नाही.

थायरॉईडची गोळी मी बऱ्याच वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या घेते. तिच्यासोबतच ही कॅप्सूल गिळायची आणि थोड्या वेळानं चहा. पोटात ढवळायचं. शौचाला काळं व्हायला लागलं, साफही होईना. थकवा तर वाढतच गेला. दोन महिन्यांत भाकरी थापताना हात गळायला लागले, केस मूठमूठ जायला लागले. लेकीचा फोन आला की मी म्हणायची, "मी बरी हाय. बाळाचं सांग."

शेवटी शेजारच्या आपांनीच विषय काढला. त्या शिवणकाम करायच्या. म्हणाल्या, "ताई, चेहरा किती सुजलाय तुमचा! अकेले बैठके क्या होता? उद्या चला मेरे साथ."

क्रांती चौकातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "रक्त चांगलं आहे तुमचं. थायरॉईडची गोळी मात्र लागू पडत नाही. चुकवता का?"

"एक दिवस नाही."

"तिच्यासोबत दुसरं काही घेता?"

मी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या नाहीत.

"लोह सोबत घेतलं की थायरॉईडची गोळी अंगाला लागत नाही. दोन्हींत निदान चार तास जायला पाहिजेत. आणि तुम्हाला लोहाची गरजच नव्हती. ही आजपासून बंद. शौच लोहानं काळं होतं, पण पोटात रक्तस्राव असला तरी काळंच होतं. चार-पाच दिवसांत रंग बदलला नाही तर लगेच या." मग पाकीट उलटून बघत त्यांनी विचारलं, "ह्या मुलीच्या ना? मग ती काय घेतेय?"

मी पाकीट परत पिशवीत टाकलं.

घरी येऊन लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. घर खायला उठतं, तेही तोंडून गेलं.

"मळमळायचं म्हणून मी त्या मुद्दाम ठेवून आले गं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी अजून काही महिने घ्यायला सांगितल्या होत्या. आणि आई, तुला करमत नाही, हे सांगायचं ना?"

"सांगून काय करणार होते? तू लेकरू घेऊन धावत येणार होतीस व्हय?"

तिला रडू फुटलं. मी म्हटलं, "तुझ्या डॉक्टरांना विचार, नव्यानं चालू कर. मळमळतं तेही सांग, जेवणानंतर घेतल्या तर सोसतात का बघ. चहासोबत मात्र नको. आणि पाकीट उंचावर ठेव. बाळ रांगायला लागेल. लहान लेकराच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं."

कॅप्सूल बंद केल्यावर माझी पोटाची तक्रार आठवड्यात थांबली, शौचाचा रंग तर चार दिवसांतच बदलला. ताकद यायला मात्र दोन-अडीच महिने लागले. आता भाकरी थापता येते, चढाव चढता येतो. लेक रोज दुपारी चारला फोन करते. दोन-चार मिनिटं बोलणं होतं, तेवढ्यात बाळ उठतं आणि ती ठेवते. नंतर बराच वेळ मी फोन तसाच मांडीवर घेऊन बसते.