रिकाम्या बास्केटकडे बघणारे बॉयलरमामा

सगळं मैदान चेंडूकडे बघत असायचं तेव्हा बॉयलरमामा चेंडूकडे पाठ करून बसलेले असायचे. आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत, माजलगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, बास्केटबॉलचं एक सिमेंटचं मैदान आहे. एका हौशी इंजिनिअरनं ते बांधून घेतलं होतं. तो बदलून गेल्यावर सहा दिवस तिथं कॉलनीतल्या बायकांचे पापड आणि सातव्या दिवशी आमचे खेळाडू, असा व्यवहार ठरला. कडेला सिमेंटचे दोन मोठे पाईप पडून आहेत. तीच आमची गॅलरी. आपली टीम पलीकडच्या बास्केटवर चढाई करायला लागली की आम्ही सगळे माना ताणून तिकडे बघायचो. मामा एकटे अलीकडच्या रिकाम्या बास्केटकडे तोंड करून बसायचे, जणू तिथं कुणी यायचं बाकी आहे. हाफनंतर बाजू बदलल्या की मामाही पाईपवर बसल्या बसल्या गर्रकन फिरायचे.

"तिकडं काय चाललंय ते तुमच्या बोंबलण्यावरनं कळतंय मला," ते म्हणायचे. "हितं कोन हाय ते बी कुनी बघायला पायजे का न्हाई?"

तिथं कोणीच नसायचं. विशेषतः अजिनाथ नसायचा.

मामा मूळचे सिरसाळ्याचे. कारखान्यात बॉयलर अटेंडंट. भट्टीच्या तोंडाशी इतकी वर्षं उभं राहून त्यांच्या भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळं ते रागावलेत की नुसते बघतायत हे चेहऱ्यावरून कळत नसे. अंदाजानं रागावलेत असं धरलं तर सहसा चुकत नसे. क्वार्टरच्या दारावरून जाताना कुणी "जयभीम मामा" म्हटलं की "जयभीम" म्हणून लगेच विचारायचे, "काय मोडलंस आज?" ड्यूटीवर असले की पाळी बदलायचा भोंगा त्यांच्याच हातात असायचा. सगळ्या कॉलनीची घड्याळं त्यावर लावली जात. मी ऊस यार्डात गाड्यांचे नंबर लावायचं काम करायचो, म्हणून मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "ए यार्ड" म्हणायचे.

अजिनाथ शिरूर कासारकडचा. आईबाप दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, हा वसतिगृहात राहून शिकला आणि तिथंच बास्केटबॉल शिकला. आमच्याकडे साखरेच्या गोदामात पोती उचलायला रोजंदारीवर होता. उंच, सडपातळ, आणि अंगात लहर. एखाद्या रविवारी मधल्या रेषेपासून उचलून टाकायचा आणि चेंडू जाळीतून असा जायचा की जाळी हलली का नाही यावर पैज लागावी. लागोपाठ चार, पाच. पुढच्या रविवारी तोच अजिनाथ, तीच जागा, तोच चेंडू, आणि बोर्डालासुद्धा लागायचा नाही. थेट कडेला सरकवलेल्या पापडांच्या खाटेवर. पण टाकणं बंद करायचा नाही. आणि टाकून झालं, पडो न पडो, की कमरेवर हात ठेवून जागेवर उभा. समोरची टीम चेंडू घेऊन आमच्या बास्केटखाली पोचायची तरी हा आपल्या शॉटचं सुतक पाळत तिकडेच.

यावरून कॉलनीत दोन पाईप म्हणजे दोन पक्ष झाले. एका पाईपवर मी आणि माझ्यासारखे अजिनाथचे भक्त. दुसऱ्यावर मामा. त्यांच्या पक्षात ते एकटेच होते, पण आवाजाच्या हिशेबानं बहुमत त्यांचंच.

"मामा, पाच टाकले त्यानं मागच्या रविवारी," मी म्हणायचो.

"अन् ह्या रविवारी?"

"लय लागली की पडतात त्याचे."

"लय लागायची वाट बघत बसलो तर बॉयलर फुटंल बे. प्रेशर समद्यांलाच येतंय. व्हॉल्व्ह कवा उघडायचा त्ये कळाया पायजे. दोन गडी अंगावर हायेत, बाजूला आपला मानूस मोकळा उभा हाय, अन् ह्यो तिथनंच फेकायलाय. कावून? तर यार्डातल्या शहाण्यानं 'टाक' म्हणून बोंब मारली."

हे मात्र खरं होतं. "टाक" ही बोंब माझीच असायची. अजिनाथच्या हातात चेंडू आला की माझ्या तोंडातून ती आपोआप निघायची, आणि तोही कानाचा असा हलका की लगेच टाकायचा. त्यावर मामांची बोंब ठरलेली: "मागं पळ बे, कारट्या!" माझी बोंब दोनच अक्षरांची, म्हणून आधी पोचायची.

मला बास्केटबॉल कळतो असं मी समजायचो, याचाही मामांना राग होता आणि त्यालाही कारण होतं. एकदा आमचा एक खेळाडू आजारी पडला म्हणून मला उतरवलं. हाफनंतर बाजू बदलल्यात हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. मोकळी जागा दिसली, धावत गेलो आणि आयुष्यातला एकमेव शॉट आमच्याच बास्केटमध्ये घातला. पडलाही सुंदर. मामांनी त्या दिवशी माझ्यावर रागावण्याचीही तसदी घेतली नाही. एवढंच म्हणाले, "कमीत कमी मागं तरी आलास." पुढं कितीतरी दिवस वादात मी वरचढ होतोय असं वाटलं की ते नुसतं त्या बास्केटकडे बोट दाखवायचे.

आमच्या सामन्यांना घड्याळ नव्हतं. रविवारी तीनला सुरुवात व्हायची आणि चारचा भोंगा झाला की खेळ संपला. निम्म्या पोरांची पाळी चारला लागायची, त्यामुळं भोंगा ऐकताच चेंडू जिथं असेल तिथं सोडून ती सायकली गाठायची. भोंग्याच्या वेळी जो पुढं तो जिंकला. ही सवय अंगात इतकी मुरली होती की बाहेरची टीम आली तरी हाच नियम लागायचा.

अशात बातमी आली की जिल्ह्याच्या टीमची निवड करणारे सर बीडहून येणार आहेत, आमचा एक सामना बघायला. जिल्ह्याच्या टीममध्ये नाव लागलं की राज्य स्पर्धा, तिथं काही करून दाखवलं तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. अजिनाथचं भरतीचं वय संपत आलं होतं. ही संधी गेली तर पोती, आणि पोती संपली की बापाच्या जागी कोयता. हे तो कुणाला बोलला नाही, पण त्या आठवड्यात त्यानं बूट दोनदा धुतले.

मी ठरवलं की पोराचं भलं करायचं. माझ्या हातून लोकांचं जे काही वाटोळं झालंय ते याच विचारानं सुरू झालेलं आहे. माझा हिशेब सरळ होता: सरांसमोर मामांनी शिव्या घातल्या तर पोराचं मन खचेल, आणि त्याचे दोषही सरांना फुकट ऐकायला मिळतील. मामांची साप्ताहिक सुट्टी रविवारची. टाइम ऑफिसात माझा दोस्त होता. त्याला चहा पाजला आणि मामांची सुट्टी त्या आठवड्यापुरती सोमवारी ढकलून घेतली. रविवारी आठ ते चार मामा बॉयलरवर. मैदान मोकळं.

सामना सुरू झाला. समोर बीडची टीम, पोरं चपळ. अजिनाथनं पहिलाच शॉट लांबून टाकला आणि पडला. मी सरांकडे बघून मिशीत हसलो. दुसरा टाकला, वाया गेला. तिसरा, वाया. चौथ्यानं खाट गाठली. मी आपला "टाक, टाक" चालूच. आणि दरवेळी टाकून झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि मामांच्या पाईपकडे बघायचा. पाईप रिकामा. बीडची पोरं आमच्या बास्केटखाली लग्नघरात शिरावं तशी शिरत होती. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो जेव्हा केव्हा मागं पळायचा, ते मामांच्या शिवीवर पळायचा. मी त्याचा अर्धा खेळच ड्यूटीवर पाठवला होता.

मी "मागं पळ" असं ओरडून बघितलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू देवळात पुजाऱ्यानं लावणी म्हटली. सरांनी पेनाचं टोपण लावलं.

बॉयलरच्या वरच्या कठड्यावरून मैदान दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मामा तिथं उभे होते. एवढ्या लांबून आवाज पोचणार नव्हता. साडेतीनच्या सुमाराला अजिनाथनं आणखी एक वाया घालवला, बीडची दोन पोरं चेंडू घेऊन सुटली, आणि भोंगा वाजला. नेहमीसारखा एक लांब नव्हे. तीनदा, तुटक, चिडका.

आमची चार पोरं जागच्या जागी थांबली. एकानं तर बुटाची नाडी सोडायला घेतली. भोंगा म्हणजे खेळ संपला, त्यांच्या बापानंही हेच केलं असतं. बीडची पोरं मात्र थांबली नाहीत, त्यांना आमच्या भोंग्याचं काय. आणि अजिनाथ, जो कधी मागं आला नव्हता, तो वळला आणि असा सुटला की त्याच्या चपळाईची मलाच भीती वाटली. एकाचा पास हातानं तोडला, दुसऱ्यानं उडी मारली तर त्याच्या वर उडी मारून चेंडू बोर्डावर दाबून धरला. एकटा.

नंतर मी त्याला विचारलं, तू का नाही थांबलास? "मामा शिव्या द्यायलेत असं वाटलं," तो म्हणाला.

सरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. जाताना मला म्हणाले, "लांबून फेकणारी पोरं मला ढिगानं भेटतात. बाकी सगळे थांबल्यावर पळणारं हे एकच बघितलं." नाव लागलं.

कारखान्यात मात्र त्या भोंग्यानं हाहाकार केला होता. अवेळी भोंगा म्हणजे अपघात. गव्हाणीवरचा ऊस थांबला, मिल थांबली, बाया पदर खोचून गेटवर धावल्या. मामांना मेमो मिळाला: लेखी खुलासा द्या. निवृत्तीला अवघे दोन महिने राहिलेले. मामा माझ्याकडे कागद घेऊन आले, कारण कॉलनीत अर्ज लिहिणारा मीच.

"काय लिहू?"

"लिव. पोरगं मागं पळत नव्हतं."

"मामा, असं चालणार नाही. लिहूया की चुकून हात लागला."

"तीन बार चुकून?"

मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, "मामा, तुमची सुट्टी मीच फिरवली होती."

"ठावं हाय," मामा म्हणाले. "तुझ्या दोस्तानं त्याच दिशी सांगितलं. लिव फुडं."

मी मॅनेजरसाहेबांना खरं सांगायला म्हणून गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी पाणी पिऊन परत आलो. मामांना उरलेले दोन महिने बॉयलरवरून काढून पाण्याच्या पंपावर बसवलं. ज्या माणसानं सारा जन्म आग सांभाळली त्याला हौदाच्या कडेला खुर्ची दिली. निरोपसमारंभात त्यांनी नारळ घेतला, शाल घेतली, भाषण केलं नाही. अजिनाथ पेढे घेऊन आला तर त्याला म्हणाले, "एक बार पळालास. त्यात काय पेढे वाटायलास?" आणि पेढा घेतला.

अजिनाथ आज पोलिसात आहे, त्यांच्या टीमकडून खेळतो. परवा सिरसाळ्याला गेलतो तेव्हा मामा अंगणात खुर्ची टाकून मोबाइलवर त्याचाच सामना बघत होते. पोरानंच पाठवलेला. मी शेजारी बसलो. अजिनाथनं लांबून एक टाकला आणि घालवला.

"बघितलंस? डावीकडं मानूस मोकळा व्हता."

"बरोबर आहे तुमचं, मामा," मी म्हणालो. त्या पंपानंतर मी त्यांच्या प्रत्येक बोलण्याला बरोबर म्हणत आलो होतो. दुसरं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मामांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "कवाधरनं बघायलोय मी. 'बरोबर हाय मामा, बरोबर हाय मामा.' कावून बे? पंपावर बसवलं म्हणून? त्याचं मला काई वाटलं न्हाई. पन तू बी माझ्या पाईपवर येऊन बसलास तर मी बोलू कुनाशी? हितं गावात बास्केटबॉल कुनाच्या बापाला ठावं हाय?"

त्यांनी सामन्याचा तेवढाच तुकडा मोबाइलवर मागं नेला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"नीट बघ अन् सांग. टाकायचा व्हता का न्हाई?"

मी नीट बघितलं. डावीकडे माणूस खरंच मोकळा होता, हात वर करून उभा होता, आंधळ्यालाही दिसावा असा.

"टाकायचाच होता," मी म्हणालो.

मामा खुर्चीत सरसावून बसले. भुवया नव्हत्याच, त्यामुळं चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

"अगं," त्यांनी आत आवाज दिला, "दोन भाकरी जास्त टाक. ह्यो अडानी काई लवकर जात न्हाई."